ठाऊक आणि शाबीत

गेल्या पावसाळ्यात एकदा दिवसभर झड लागून राहिल्यामुळे सायंकाळचे फिरणे रहित करावे लागले, तेव्हा माझ्या नातीने आपला लॅपटॉप माझ्यासमोर आणून ठेवला आणि ‘पोकर फेस’ नावाच्या अमेरिकन रहस्यमालिकेचा पहिला भाग लावून दिला. रहस्यकथेचा शेवट कोणी आगाऊ सांगितला तर दोन दिवस अबोला धरणारी ही मुलगी. म्हणून मीही शहाण्यासारखा तोंड मिटून बसलो होतो. परंतु घटकाभर होते न होते तोच खून झाला, आणि तोही आडपडद्याने नव्हे, तर खुनी कोण, हुकूम कोणाचा, हेतू कोणता, हे सारे आम्हांस राजरोस दाखवून. मी चकित होऊन म्हणालो, “अगं, खुनी तर कळला! आता पाहायचं काय उरलं?” त्यावर ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, “आजोबा, आता तर सुरू होतंय.”

हा प्रश्न मी पूर्वीही एकदा विचारला होता, याची आठवण मला त्या उत्तराने झाली. तीसएक वर्षांपूर्वी एका आप्ताने परदेशातून आणलेल्या व्हिडिओ कॅसेटींवर ‘कोलंबो’ ही मालिका आम्ही पाहिली, तेव्हाही खून आधी आणि तपास मागाहून, हा उलटा क्रम पाहून मी असाच गोंधळलो होतो. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाड यांच्यावर पोसलेल्या आमच्या पिढीस रहस्य म्हणजे झाकलेली मूठ, ती अखेरच्या प्रकरणात उघडावयाची, एवढेच ठाऊक. येथे मूठ प्रारंभीच उघडी, आणि तरीही मन तासभर पडद्यावरून हलत नाही, ही काय जादू आहे, याचा उलगडा करण्याचा यत्न मी त्या दिवसापासून करीत आहे.

कोलंबोचा वंशवृक्ष मोठा मनोरंजक आहे. रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक या जोडगोळीने निर्माण केलेले हे पात्र दूरचित्रवाणीवर प्रथम अवतरले ते १९६० साली, आणि तेव्हा ती भूमिका बर्ट फ्रीड या नटाने केली होती. पुढे १९६२ साली ते रंगभूमीवर गेले, आणि १९६८ च्या दूरचित्रपटात पीटर फॉक यांच्याकडे आले ते कायमचे. नियमित मालिका १९७१ साली सुरू झाली. तिचा पहिला भाग, पुढे जगद्विख्यात झालेल्या परंतु तेव्हा पंचविशीही न गाठलेल्या, स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी दिग्दर्शित केला होता. मधल्या दीर्घ विरामासह २००३ पर्यंत एकूण ६९ भाग झाले. चुरगळलेला रेनकोट, अर्धवट ओढलेला चिरूट, खिळखिळी झालेली प्युजो मोटार, कधीही पडद्यावर न येणारी पण पदोपदी जिचा दाखला दिला जातो ती पत्नी, आणि निरोप घेऊन दारापर्यंत गेल्यावर कपाळाला हात लावून मागे वळून विचारलेला तो शेवटचा किरकोळ प्रश्न, असा या गृहस्थाचा सरंजाम. या पात्राचा मूळपुरुष दस्तयेव्हस्कीच्या १८६६ सालच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’ या कादंबरीतील तपासणी अंमलदार पोर्फिरी पेत्रोविच होय, हे त्याच्या जनकांनीच मान्य केले आहे. आणि गुन्हा आधी दाखवून मग तपास सांगण्याची रीत ऑस्टिन फ्रीमन या इंग्रज लेखकाने १९१२ साली ‘द सिंगिंग बोन’ या कथासंग्रहात रूढ केली. म्हणजे जी गोष्ट आज नवीन म्हणून माझी नात मला दाखवीत होती, तिचे मूळ शोधू गेल्यास शंभराहून अधिक वर्षे मागे जावे लागते.

रायन जॉन्सन यांनी २०२३ साली आणलेली ‘पोकर फेस’ हे ऋण लपवीत तर नाहीच, उलट ते कपाळावर मिरविते; आरंभीची पिवळी अक्षरे आणि रोमन अंकांतील सालदेखील सत्तरीच्या दशकातील धाटणीची आहेत. तिची नायिका चार्ली केल, म्हणजे नताशा लिऑन, ही जुगारखान्यात पेये वाढणारी एक बेफिकीर बाई. तिचा आवाज घोगरा, केस विस्कटलेले, आणि मोटार कोलंबोच्या मोटारीइतकीच पुराणी. तिच्या ठायी एकच दैवी देणगी आहे: समोरचा मनुष्य खोटे बोलला की तिला तत्क्षणी कळते. पहिल्याच भागात मैत्रिणीच्या खुनाचा छडा लावल्यामुळे तिच्यावर पळून जाण्याची पाळी येते, आणि मग अमेरिकेच्या हमरस्त्यांवरून गावोगाव भटकताना, मिळेल तेथे मिळेल ते काम करताना, प्रत्येक मुक्कामी एक खून तिच्या वाट्यास येतो.

आता, साम्ये मोजू लागल्यास ती वेशभूषेत, वाहनात आणि कथेच्या क्रमात सहज सापडतात, आणि बहुतेक जण तेथेच थांबतात. मला मात्र खरे साम्य निराळ्या ठिकाणी दिसते. माझी उभी हयात न्यायालयाच्या दफ्तरात, फिर्यादी, जबान्या, पंचनामे आणि मुद्देमालाच्या याद्या यांच्या सहवासात गेली. आणि त्या सहवासाने एक गोष्ट माझ्या मनावर कायमची ठसविली, ती ही की, एखादी गोष्ट ठाऊक असणे आणि ती शाबीत होणे यांमध्ये एक मोठी नदी वाहत असते, आणि बहुसंख्य सत्ये ऐलतीरावरच बसून राहतात. सामान्य रहस्यकथा आपल्याला विचारते की खुनी कोण. या दोन मालिका विचारतात की, जे तुम्हांआम्हांस ठाऊक आहे ते शाबीत कसे करणार? प्रेक्षकास ठाऊक आहे. कोलंबोलाही, त्याच्या त्या तिरकस नजरेवरून पाहता, पहिल्या भेटीतच ठाऊक झालेले असते. चार्लीला तर पहिली थाप ऐकताच ठाऊक होते. पण तिचे हे ज्ञान कोणत्या कचेरीत रुजू व्हावे? ‘हा मनुष्य खोटे बोलतो असे मला जाणवले’, ही जबानी जगातील कोणता न्यायाधीश कागदावर घेईल? म्हणजे ज्या देणगीमुळे रहस्यकथा पहिल्या पाच मिनिटांत संपावयास हवी, तीच देणगी पुराव्याच्या दृष्टीने कवडीमोलाची ठरवून जॉन्सन यांनी कोलंबोचे मर्म बरोबर पकडले आहे.

नदी ओलांडावयाची ती कोणत्या नावेतून, हेही या दोघांचे ठरलेले आहे: ती नाव म्हणजे नित्य व्यवहारातील एखादी क्षुल्लक वस्तू. कोलंबोच्या १९७३ सालच्या एका भागात डोनाल्ड प्लेझन्स यांनी रंगविलेला एक द्राक्षासवाचा कारखानदार, कारखाना विकावयास निघालेल्या आपल्या सावत्र भावाला बेशुद्ध करून मद्याच्या तळघरात कोंडतो, आणि त्याचा श्वास कोंडावा म्हणून तेथील वातानुकूलन बंद करून परगावी निघून जातो. नेमक्या त्याच दिवसांत गावात असह्य उष्मा होतो, आणि भावाबरोबर तळघरातील अमूल्य मद्येही मरतात. पुढे कोलंबो त्या कारखानदाराला एका उंची उपाहारगृहात जेवावयास बोलावितो आणि त्याच्याच तळघरातून हळूच उचललेली एक जुनी बाटली त्याच्या नकळत त्याच्यापुढे ठेववितो. पहिला घोट घेताच तो रसिक संतापाने लाल होतो: ही बाटली उष्णतेने नासली आहे, असे तो चारचौघांत गरजून सांगतो. ज्या जिभेचा त्याला आयुष्यभर अभिमान होता, तीच जीभ सरकारतर्फे साक्षीदार म्हणून उभी राहते.

बरोबर पन्नास वर्षांनी ‘पोकर फेस’च्या एका भागात हाच जिव्हारस मला पुन्हा भेटला. टेक्सासमधील धुरावर मांस भाजणाऱ्या एका खानावळीत दोन भावांपैकी पाककुशल भाऊ अकस्मात शाकाहारी होतो, आणि धंदा बुडेल या भयाने दुसरा भाऊ त्याला ठार करून आत्महत्येचा देखावा उभा करतो. मृताने आपल्या हयातीत चार्लीला निरनिराळ्या लाकडांच्या धुरांतील भेद हौसेने शिकविलेला असतो. आणि पुढे ही बाई जळणाचे ओंडके घेऊन ते चक्क चावून, चाटून पाहत बसते. हसू येते खरे, पण त्या हसण्याखाली एक करुण गोष्ट आहे: मेलेल्या माणसाने शिकविलेली विद्याच त्याच्या खुनाला वाचा फोडते.

या दोन्ही कथांतील खुनी एकाच दोषाने फसतात, आणि तो दोष म्हणजे समोरच्याला खिजगणतीत न धरणे. कोलंबोचे अपराधी शल्यविशारद, वाद्यवृंदाचे नायक, रहस्यकथांचे लेखक, असे सारे प्रतिष्ठित. ते या गबाळ्या अंमलदाराला बसावयास सांगतात, त्याची कीव करतात, आणि त्या कीव करण्याच्या भरात गरजेपेक्षा चार वाक्ये अधिक बोलतात. १९७१ च्या एका भागातील कलासमीक्षक आपला गुन्हा एका वृद्ध आप्त स्त्रीवर ढकलण्यासाठी चोरलेली चित्रे तिच्या घरी ठेवतो. चित्रांवर कोलंबोच्या बोटांचे ठसे निघतात, तेव्हा ‘ते आत्ताच हाताळताना उमटले असतील’ असे तो मोठ्या तोऱ्याने सांगतो. आणि कोलंबो एक शब्दही न बोलता कोटाच्या खिशांतून दोन्ही हात बाहेर काढतो. हातांत मोजे! ते ठसे काही दिवसांपूर्वीचे, चित्रे त्या समीक्षकाच्याच हाती असताना कोलंबोने भाबडेपणाने चाचपून पाहिले त्या वेळचे. चाचपणाऱ्या त्या वेंधळ्याकडे तेव्हा कोणी नीट पाहिले नव्हते, एवढेच.

भेद आहे तो येथे. कोलंबोच्या खिशात पोलिसखात्याचा बिल्ला आहे; तो कितीही बावळट दिसला तरी त्याच्या पाठीशी सरकार उभे आहे. चार्लीजवळ सनद नाही, हुद्दा नाही, अखत्यार नाही. ती स्वतःच परागंदा. शिवाय कोलंबो येतो तो प्रेत पडल्यानंतर. चार्ली मात्र, कथा मागे फिरून दाखविते त्याप्रमाणे, खुनाच्या आधीपासूनच तेथे कोठेतरी भांडी उचलीत, खुर्च्या लावीत वावरत असते, आणि मरणारा पुष्कळदा तिचा स्नेही असतो. तिच्या जगात वाड्यांपेक्षा धाबे, ट्रकचालक आणि वृद्धाश्रमांतील म्हाताऱ्या अधिक. कोलंबोचा तपास कर्तव्य आहे. चार्लीचा तपास हे मैत्रीचे ऋण आहे. माझा जुना कारकुनी स्वभाव येथे कुरकुरतो हेही सांगितले पाहिजे: मद्याच्या कारखानदाराने कोलंबोपाशी दिलेल्या कबुलीसारखे कबुलीजबाब आमच्याकडे २०२४ पर्यंत लागू असलेल्या १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याच्या २५ व्या कलमापुढे क्षणभर टिकले नसते. पण कथेचे न्यायासन निराळे असते. तेथे गुन्हेगाराचा चेहरा उतरला की मुकदमा निकालात निघाला.

तरीही ठाऊक आणि शाबीत यांमधील ती नदी केवळ कथेतील नव्हे, हे मी पाहिले आहे. फार वर्षांपूर्वी आमच्या न्यायालयात एका खरेदीखताचा दावा चालला होता. खत बनावट आहे हे सबंध गावास ठाऊक होते, पण शाबीत होत नव्हते. साक्षीदाराने शपथेवर सांगितले की, रात्री ओसरीवर विजेच्या दिव्याखाली आपल्यासमक्ष सह्या झाल्या. दोन्ही वकिलांनी ते ऐकले, न्यायाधीशांनी लिहून घेतले, मीही ऐकले. मधल्या सुट्टीत पाण्याचा तांब्या ठेवावयास आलेला आमचा पट्टेवाला, जो त्याच गावचा, व्हरांड्यात स्वतःशीच पुटपुटावे तसे म्हणाला, “रावसाहेब, त्या साली आमच्या गावात लाईट कुठली? खांबच दोन वर्षांनी पडले.” मी गप्प राहिलो, कारण बोलणे माझ्या अखत्यारातले नव्हते, पण चार पावलांवर प्रतिवादीचे वकील विडी ओढीत उभे होते. पुढच्या तारखेस वीजखात्याचा उतारा दाखल झाला आणि खत कोसळले.

त्या निकालपत्राची नक्कल मी स्वतः तपासून दिली. अठरा पानांच्या त्या कागदात वकिलांच्या कसून केलेल्या उलटतपासणीची यथोचित प्रशंसा होती, उताऱ्याचा निशाणी क्रमांक होता, तारखा होत्या. पाण्याच्या तांब्याचा उल्लेख अर्थातच कोठे नव्हता.