शब्दांची शिदोरी : ‘कन्टिन्युअस’ म्हणजे सलग



आजचा आपला शब्द आहे ‘कन्टिन्युअस’. शाळेत जाणाऱ्या मुलामुलींना तो इंग्रजी व्याकरणाच्या तासाला भेटतो. ‘प्रेझेंट कन्टिन्युअस टेन्स’ म्हणजे चालू वर्तमानकाळ. मोठ्या माणसांना तोच शब्द नोकरीच्या कागदांवर भेटतो, आणि तिथे त्याचा अर्थ कळला नाही तर हक्काचा पैसा हातचा जातो. म्हणून हा शब्द घरातल्या सर्वांनी मिळून शिकावा, अशी आमची विनंती आहे.

या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे. ‘एकत्र धरून ठेवणे’ हा तिथला मूळ अर्थ. ज्याचे सर्व भाग एकमेकांना धरून आहेत, मध्ये फट नाही, ते कन्टिन्युअस. मराठीत सलग, अखंड, अविरत. पाली ग्रंथांत शीलालाही ‘अखंड’ हे विशेषण लावले आहे. अर्थ तोच, कुठेही न तुटलेले.

याचाच एक जुळा भाऊ आहे, ‘कन्टिन्युअल’. त्याचा अर्थ वारंवार, पुन्हा पुन्हा, मध्ये थांबत थांबत. उदाहरण घेऊ. ६ डिसेंबरला चैत्यभूमीकडे जाणारी रांग तुटत नाही, ती ‘कन्टिन्युअस’. त्याच दिवशी दादर स्टेशनात लोकलगाड्या येत राहतात, पण एक गेली की दुसरी येते, मध्ये खंड असतो. म्हणून ते येणे ‘कन्टिन्युअल’. भिंत, रस्ता, रेघ यांना ‘कन्टिन्युअस’ म्हणता येते, ‘कन्टिन्युअल’ म्हणत नाहीत. बोलण्यात इंग्रज माणसेही या दोन शब्दांची सरमिसळ करतात. पण परीक्षेत आणि अर्जात फरक पाळलेला बरा.

आता इतर भावंडे. ‘अनइन्टरप्टेड’ म्हणजे मध्येच न तोडलेले. संगणकाशेजारी ठेवतात त्या यू.पी.एस. पेटीच्या नावात हाच शब्द थोड्या फरकाने आहे : अनइन्टरप्टिबल पॉवर सप्लाय. ‘इन्सेसन्ट’ म्हणजे थांबता थांबत नाही असे. यात बहुधा कंटाळ्याची, त्रासाची छटा असते. इन्सेसन्ट रेन, इन्सेसन्ट नॉइज. ‘कॉन्सेक्युटिव्ह’ म्हणजे लागोपाठ. जे मोजता येते त्यालाच तो लावावा. थ्री कॉन्सेक्युटिव्ह डेज, म्हणजे लागोपाठ तीन दिवस.

आता नोकरीच्या कागदाकडे वळू. आम्ही वस्तीत लोकांचे अर्ज लिहून देतो, तेव्हा ‘कन्टिन्युअस सर्व्हिस’ हे दोन शब्द हटकून समोर येतात. सलग सेवा म्हणजे एकही दिवस घरी न राहता केलेली सेवा, असा पुष्कळांचा समज असतो. कायदा तसे म्हणत नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम २५-ब मध्ये याची व्याख्या होती. आजारपण, मंजूर रजा, अपघात, बेकायदेशीर नसलेला संप, टाळेबंदी, किंवा कामगाराची चूक नसताना बंद पडलेले काम, यांमुळे पडलेला खंड हा खंड धरायचा नाही. शिवाय मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले, तर एक वर्षाची सलग सेवा झाली असे मानायचे. २०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, तिच्यातही २४० दिवसांचा हा हिशेब आहे. मर्यादेत घेतलेली प्रसूतीची रजाही त्यात धरली जाते. पगारी रविवार आणि पगारी सुट्ट्याही २४० मध्ये मोजायच्या, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली सांगितले आहे.

२४० दिवस भरले म्हणजे माणूस आपोआप कायम झाला, असे मात्र नव्हे. पण वर्षाची सलग सेवा झालेल्या कामगाराला कपातीत काढायचे तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराइतकी भरपाई द्यावी लागते. म्हणूनच काही ठेकेदार दिवस भरत आले की चार-आठ दिवसांचा ‘ब्रेक’ देतात. सफाईच्या आणि हाउसकीपिंगच्या कामावर जाणाऱ्या आपल्या किती तरी बहिणींना हा अनुभव आहे. सही मागितलेल्या कागदावर ‘ब्रेक इन सर्व्हिस’ असे शब्द दिसले, तर न वाचता सही करू नये. कागदाची प्रत मागावी, युनियनच्या किंवा जाणत्या माणसाला दाखवावी. २४० दिवस काम केल्याचा पुरावा प्रथम कामगारानेच द्यायचा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा निकाल आहे. तेव्हा पगाराची चिठ्ठी, हजेरी कार्ड, बँकेचे पासबुक, गेटपास, सारे एका पिशवीत जपून ठेवा. घरातल्या शिकत्या मुलीने दर महिन्याला आईचे भरलेले दिवस वहीत मांडावेत. इंग्रजी आणि गणित, दोन्हींचा अभ्यास होईल.

शेवटी एक गोष्ट मुलांसाठी. परमपूज्य बाबासाहेबांचे विदेशातील शिक्षण ‘अनइन्टरप्टेड’ नव्हते. १९१३ साली ते अमेरिकेला गेले, १९१६ साली लंडनला. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात त्यांनी प्राध्यापकी केली, पैसे साठवले, १९२० साली पुन्हा लंडन गाठले. १९२१ साली एम.एस्सी. झाले, १९२३ साली डी.एस्सी. खंड पडला, पण शिक्षण सुटले नाही. घरच्या अडचणीने ज्यांची शाळा मध्येच थांबली आहे, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. यंदा १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसता येते का, याची चौकशी जरूर करावी.

गृहपाठ : ‘कन्टिन्युअस’, ‘कन्टिन्युअल’ आणि ‘कॉन्सेक्युटिव्ह’ हे तीन शब्द वापरून आपल्या वस्तीतल्या नळाच्या पाण्यावर तीन वाक्ये लिहा आणि घरात मोठ्याने वाचून दाखवा.

जयभीम !