हाडातला खुंटा

गेल्या शनिवारी माझ्या तोंडात दोन स्क्रू बसवले. हो, स्क्रूच. ड्रायव्हरने पिळून, थेट हाडात! चौतिसाव्या वर्षी दातांना तारा लावल्या म्हणून ऑफिसात आधीच करमणूक चालू होती, त्यात ही भर. "तुझा एक स्क्रू ढिला होताच, आता टाईट केला का?" हा विनोद सोमवारपासून पाच जणांनी केलाय. असो.

ही माझी दुसरी खेप. पहिली आठवीत असताना. पुढे आलेले दात मागे न्यायचे म्हणून सुळ्यांमागच्या दोन दाढा काढल्या आणि रोज बारा-चौदा तास घालायला हेडगिअर दिलं. मानेमागून पट्टा, तोंडातून बाहेर आलेली तार... आठवीतल्या मुलाने हे घालून झोपायचं, जमलं तर घरभर फिरायचंही! आई बघून गेली की मी ते उशीखाली सरकवायचो. शेवटी फट बुजली, पण मागच्या दाढा पुढे सरकून. पुढचे दात जवळपास होते तिथेच. "मुलाने सहकार्य केलं नाही," डॉक्टर म्हणाले. आईने त्यात भिशीचे पैसे घातले होते. ते वाक्य मी वीस वर्षं बाळगलं.

परवा नव्या डॉक्टर मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं तेव्हा कळलं, भानगड न्यूटनच्या तिसऱ्या नियमाची. पुढचे दात मागे ओढायचे तर कशाचा तरी आधार हवा. तो दाढांचा घेतला तर दाढाही तेवढ्याच जोराने पुढे ओढल्या जातात. सरळ रस्सीखेच! हेडगिअर हा आधार तोंडाबाहेर, मानेवर नेतं. पण पट्टा काढला की आधार गेला.

मिनी-स्क्रू म्हणजे हाडातच रोवलेला खुंटा. साधारण दीड-दोन मिलिमीटर जाड, बहुधा टायटॅनियमच्या मिश्रधातूचा. रस्सी खुंट्याला बांधली की दाढा सुटल्या. माझ्या अक्कलदाढा आधीच काढल्यात, त्यामुळे आता वरची अख्खी रांगच मागे न्यायचा बेत आहे. इम्प्लांटसारखं हाड याला घट्ट धरून बसावं अशी अपेक्षा नसते. काम झालं की उलटा फिरवून काढायचा.

कल्पना जुनीच. १९४५ साली अमेरिकेत गेन्सफोर्थ आणि हिगली यांनी कुत्र्यांच्या जबड्यात स्क्रू बसवून पाहिले, ते महिन्याभरात निखळले. १९८३ मध्ये क्रीकमोर आणि एकलंड यांनी एका पेशंटच्या नाकाखालच्या हाडात स्क्रू बसवून वरचे दात उचलून दाखवले. १९९७ मध्ये जपानच्या कानोमींनी जेमतेम १.२ मिमी जाड, ६ मिमी लांब स्क्रू वापरला आणि मग गाडीने वेग घेतला.

आता माझं म्हणणं. आमच्या धंद्यात काही बिघडलं की पहिला आरोपी युजर. "त्यानेच चुकीचं बटण दाबलं." पण शंभरातले बरेच जण तेच बटण दाबत असतील, तर चूक बटणाची असते. तेरा वर्षांच्या पोराच्या चिकाटीवर उभी असलेली यंत्रणा फसली, तर खापर पोराच्याच डोक्यावर का? खुंट्याने नेमकं तेच ओझं पेशंटच्या डोक्यावरून उतरवलं.

अर्थात ही जादू नाही. दहातला एखादा स्क्रू ढिला होतोच. दाताच्या मुळाला लागू नये म्हणून एक्स-रे बघून जागा नेमकी ठरवावी लागते. भोवती साफ ठेवलं नाही तर हिरडी सुजते. खुंटा हलवून बळकट करायची आपली सवय इथे चालत नाही, जिभेने चाचपायलाही बंदी! आणि प्रत्येकाला स्क्रू लागतो असंही नाही. तेव्हा "मला तो कशासाठी?" आणि "निघाला तर पुन्हा बसवायचा खर्च कोणाचा?" हे दोन प्रश्न बिनधास्त विचारा.

दुखलं का? इंजेक्शननंतर नुसता दाब जाणवला. रात्री मऊ वरणभात.

जेवल्यावर आईला फोन करून न्यूटनसकट सगळं सांगितलं. ती जरा थांबून म्हणाली, "म्हणजे तेव्हा तुझं चुकलं नव्हतं म्हणतोस?"

"चुकलं होतं गं थोडं. पण सगळंच माझं नव्हतं."

"बरं. ब्रश नीट कर आता."