ठोक पगार मोठा की युनियनचा?



वैभववाडी तालुक्यातील एका भगिनीने विचारले आहे. मुलाने आयटीआयमधून फ्रिज-एसीचा दोन वर्षांचा कोर्स पुरा केला. मुंबईत दोन ठिकाणी काम मिळण्यासारखे आहे. एका कंत्राटदाराकडे महिना १८ हजार ठोक. दुसरीकडे युनियन असलेल्या कारखान्यात कूलिंग प्लँटवर १६ हजार, आणि तेही कापून हातात १४ हजारच येणार. घरात सर्वांचे मत १८ हजारांच्या बाजूने पडले आहे. मग त्या कापलेल्या पैशाचे करायचे काय, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, आपल्याकडे पगाराविषयी पहिला प्रश्न ठरलेला असतो, हातात किती पडतले? महिन्याच्या किराण्याला तो प्रश्न पुरतो. वर्षाचा हिशेब मांडायला बसले की पुरत नाही. तेव्हा आपण कागद-पेन्सिल घेऊन बसूया. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, तुम्ही आपले घालून बघा.

कारखान्याच्या १६ हजारांत मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १३ हजार, बाकी ३ हजार इतर भत्ते असे धरू. फंडाचे १२ टक्के म्हणजे १,५६० रुपये, ईएसआयचे ०.७५ टक्के म्हणजे १२० रुपये आणि व्यवसाय कर २०० रुपये कापले. हातात आले १४,१२०. पण फंडात मालकालाही तेवढेच १,५६० भरावे लागतात. म्हणजे दरमहा ३,१२० रुपये मुलाच्या नावावर साठले, वर्षाला ३७,४४० झाले. रोज ५०० रुपये म्हणजे तासाला साडेबासष्ट. जादा कामाला दुप्पट, १२५ रुपये तास. उन्हाळ्याचे तीन महिने रोज दोन तास जादा काम केले तर १९,५०० वर आले. ग्रॅच्युइटी वर्षाला १५ दिवसांच्या पगाराने साडेसात हजार चढत राहते. बेरीज करा, वर्षाचे २ लाख ३३ हजार ८८०. बोनस मी यात धरलेलाच नाही.

आता ठोक पगार बघू. एसीचा धंदा मार्च ते जून जोरात चालतो. पाऊस लागला की फोन थंडावतात. तेव्हा कंत्राटदार सांगतो, आता कॉलप्रमाणे देईन. आठ महिने १८ हजार आणि चार महिने त्याच्या निम्मे धरले तर वर्षाचे १ लाख ८० हजार होतात. गाडी स्वतःची, पेट्रोल स्वतःचे. महिना दोन हजार पेट्रोल धरले तरी २४ हजार गेले. उरले १ लाख ५६ हजार. गेज, फ्लेअरिंगचे हत्यार, व्हॅक्यूम पंप हेही पुष्कळ ठिकाणी मुलालाच घ्यावे लागते, ते वेगळे. म्हणजे महिन्याला चार हजारांनी मोठा दिसणारा पगार वर्षाअखेर पाऊण लाखाहून अधिक लहान निघाला.

आणि पडला तर? स्प्लिट एसीचे बाहेरचे यंत्र इमारतीच्या भिंतीला बाहेरून लावतात. सातव्या मजल्यावरच्या छज्जावर एक पाय ठेवून, कमरेला पट्टा नसताना मुले ते काम करतात हे मुंबईत कोणीही मान वर करून पाहावे. नव्या यंत्रांतला आर-३२ गॅस पेट घेऊ शकणारा आहे, जुन्या आर-२२ सारखा नाही. गॅस भरताना, पाईपला झाळ देताना चूक झाली तर भाजते. ईएसआय असेल तर कामावर जखमी झालेल्याला घरी बसल्या काळात पगाराच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते. दुर्दैवाने कामावर मृत्यू आला तर आश्रितांना दरमहा पेन्शन मिळते. तो कापलेला १२० रुपयांचा आकडा यासाठी असतो. मालक त्यात ३.२५ टक्के घालतो, म्हणजे ५२० रुपये.

इथे कोणी म्हणेल, फंड, ईएसआय, दुप्पट ओव्हरटाईम हे तर कायद्याने आहे, युनियनने काय दिले? प्रश्न बरोबर आहे. कायद्याने आहे, पण फंड २० कामगारांच्या आस्थापनेला लागतो, ईएसआय आणि ग्रॅच्युइटी १० कामगारांपासून. म्हणून कंत्राटदाराच्या वहीत कायम सहा-सात पोरेच असतात. बाकीची पोरे मेहुण्याच्या नावावर. आणि जिथे कायदा लागतो तिथेही ओव्हरटाईमचे तास मोजणारा, फंडाची पावती मागणारा कोणीतरी लागतो. एकट्याने मागितली तर दुसऱ्या दिवशी त्याला फोन येत नाही. युनियनचा पहिला फायदा तो आहे. दुसरा फायदा कराराचा. दर तीन-चार वर्षांनी मालकाला टेबलावर बसून पगार वाढवून द्यावा लागतो, आणि ही वाढ कायद्यातल्या किमान वेतनाच्या वरची असते.

याच धंद्यातले ताजे उदाहरण घ्या. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूर येथे सॅमसंगचा फ्रिज आणि घरगुती यंत्रांचा कारखाना आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या कामगारांनी संप केला. मुख्य मागणी पगाराच्याही आधी युनियनला मान्यता ही होती. संप ३७ दिवस चालला. युनियनची नोंदणी व्हायलाही हायकोर्टात जावे लागले, ती २०२५ च्या जानेवारीत झाली. त्यानंतर मे २०२५ मध्ये वेतनकरार झाला. तीन वर्षांत मिळून महिन्याच्या पगारात १८ हजारांची वाढ, त्यातली ९ हजार पहिल्याच वर्षी. ज्यांनी ते ३७ दिवस बिनपगारी काढले त्यांच्या घरी चूल कशी पेटली असेल हेही विसरू नये.

अमेरिकेत तर हा फरक सरकारच दरवर्षी छापते. २०२४ साली युनियनमधील कामगाराची आठवड्याची मधली कमाई १,३३७ डॉलर होती, युनियन नसलेल्याची १,१३८. हा आकडा सर्व धंद्यांचा आहे. तिथे पाईप आणि एसीच्या कारागिरांची युनियन १८८९ पासून आहे. मुलगा शिकाऊ असल्यापासून त्याचे शिक्षण आणि दरवर्षीची पगारवाढ ती बघते. उलट आखाती देशांत, जिथे आपल्या कोकणातली कितीतरी मुले एसीच्याच कामावर जातात, त्या सौदीत आणि दुबईत युनियन बांधायलाच परवानगी नाही. तिथे जो कागद सही केला तोच पगार. म्हणून निघण्याआधी तो कागद वाचून घेणे एवढेच आपल्या हाती राहते.

पण युनियनचे गुणगान करून मी थांबणार नाही. आपल्या समाजाला युनियनचा अनुभव दुहेरी आहे. मुंबईच्या गिरण्यांत आपले वाडवडील होते, परंतु विणखात्यात, जिथे पगार जास्त, तिथे त्यांना प्रवेश नव्हता. बॉबिनचा धागा तोंडाने ओढावा लागे आणि तो विटाळ चालत नसे. लाल बावट्याची युनियन त्यावर गप्प होती. १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. आणि तेच बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री असताना १९४३ साली युनियनला मान्यता देणे मालकावर बंधनकारक करणारे बिल आणतात, १९४६ साली कारखान्याचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आणणारी दुरुस्ती करून घेतात. आम्हाला बाहेर ठेवणारी युनियन नको, पण युनियन हवी, अशी ती भूमिका होती.

आज विणखात्याची जागा कंत्राटाने घेतली आहे. कंपनीच्या नावाचा शर्ट घालून तुमच्या घरी एसी दुरुस्त करायला येणारा मुलगा पुष्कळदा कंपनीचा नसतोच, सर्व्हिस सेंटरच्या मालकाचा असतो. कारखान्यातली युनियन फक्त कायम कामगारांचा करार करते आणि गेटाबाहेरच्या या पोरांना सभासदही करून घेत नाही. मला विचाराल तर अशी युनियन अर्धीच. पुरी युनियन कशी असते ते मुंबईच्या कचरा वाहतूक श्रमिक संघाने दाखवले. महापालिकेच्या कंत्राटी सफाई कामगारांना, त्यात आपले बांधव पुष्कळ, या संघाने एकत्र केले. कंत्राट हा देखावा आहे, हे २०१४ मध्ये औद्योगिक न्यायाधिकरणाकडून वदवून घेतले आणि २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टात टिकवले. सुमारे २,७०० कामगार कायम ठरले. कामाला लागल्यापासून तिथवर यायला कित्येकांचे अर्धे आयुष्य गेले.

तेव्हा ताई, मुलाला कारखान्याच्या बाजूने पाठवा असे माझे मत. पण आधी त्याने दोन गोष्टी विचाराव्यात. नेमणूक कायम म्हणून की कंत्राटावर? आणि तिथली युनियन कंत्राटी मुलांना सभासद करते का? कंत्राटावरच असेल तर मग वरचा माझा सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागेल.

आणि जागा हुकली, कंत्राटदाराकडेच जावे लागले, तर? २१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ जुन्या कायद्यांच्या जागी चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांत प्रत्येक कामगाराला लेखी नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे. ते मागावे. पगार रोख न घेता बँकेत घ्यावा. कोणत्या दिवशी कुठल्या पत्त्यावर काम केले ते साध्या वहीत लिहून ठेवावे, कंत्राटदाराचे मेसेज पुसू नयेत. उद्या पैसे बुडाले किंवा अपघात झाला तर कामगार कार्यालयात पहिला प्रश्न येतो, तू याच्याकडे कामाला होतास याला पुरावा काय? नवीन इमारतीत पाईप टाकण्याचे काम वर्षात ९० दिवस झाले असेल तर बांधकाम कामगार मंडळात नोंदणीची चौकशी करावी. आणि एक ध्यानात असू द्या, युनियनच्या नोंदणीचा अर्ज करायला सात कामगार लागतात. वैभववाडी, कणकवली, देवगडची किती मुले आज मुंबईत हत्यारांची पिशवी घेऊन एसी दुरुस्त करत फिरतात ते गावच्या मंडळाने एकदा मोजून पाहावे.