आजीचं लाईट बिल कोण वाचणार?

गृहज्योतीमुळं ऑगस्ट २०२३ पासून आपल्याकडं बऱ्याच घरांत शून्याचं लाईट बिल येतंय. चांगलंच आहे की. पण २०० युनिट सगळ्यांनाच फुकट, हा समज चुकीचा. जुन्या घरांची मर्यादा २०२२-२३ च्या सरासरी वापरावर थोडी वाढ धरून ठरवलेली आहे. ती ओलांडली तर वरच्या युनिटांचे पैसे भरायचे. २०० च्या वर गेलं तर अख्खं बिल.

हे बिलावर छापलेलं असतं, पण कानडीत. आमच्या गल्लीतल्या मराठी शाळेत शिकलेल्या आज्ज्या नुसता खालचा आकडा बघतात आणि तो वाढला की मीटरला दोष देतात. बऱ्याचदा कारण असतं गिझर. २००० वॉटचा गिझर रोज तासभर तापत राहिला तर महिन्याला ६० युनिट! नऊ वॉटचा बल्ब रोज पाच तास लावला तरी महिन्यात दीड युनिट होत नाही.

मराठीत बिल मागायचंच, मी मागणारच. तोवर मागचं रीडिंग, आताचं रीडिंग आणि मर्यादा, एवढ्या तीन रकान्यांची कानडी नावं शिकून घ्या. त्यात कमीपणा कसला? आणि या महिन्याचं बिल आलं की आधी शेजारच्या आजीकडं जावा.