इंग्रजी उपपदांविषयी दोन शब्द

इंग्रजी निबंधाच्या वह्या तपासून परत आल्या म्हणजे तांबड्या शाईच्या खुणा अवघड शब्दांपेक्षा तीन चिमुकल्या शब्दांभोवतीच अधिक दिसतात. ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘दि’ ही ती तीन उपपदे होत. हवीत तेथे ती नसतात आणि नकोत तेथे येऊन बसतात. ‘एवढ्याने काय बिघडले? अर्थ तर कळला ना?’ असे विद्यार्थी विचारतात व पालकही पुष्कळदा त्यांचीच बाजू घेतात. आमचे मत याहून निराळे आहे. उपपद हा वाक्याचा अलंकार नसून अर्थाचाच भाग आहे. आणि ते पाठांतराने नव्हे, तर विचाराने साधते.

अर्थ नेहमी कळतोच असे नाही. रुग्णाच्या नातलगांस डॉक्टर ‘देअर इज अ लिट्ल होप’ असे म्हणाले, तर थोडी तरी आशा आहे. ‘देअर इज लिट्ल होप’ असे म्हणाले, तर आशा जवळजवळ उरलेली नाही. एका अक्षराने धीर येतो किंवा सुटतो. आपल्या रोजच्या व्यवहारातील उदाहरण घ्यावयाचे तर शाळेचेच घ्या. मुलगा ‘टु स्कूल’ जातो, तो शिकण्यासाठी; वडील गुरुजींना भेटावयास जातात, ते ‘टु दि स्कूल’. उपासनेस जाणारी मंडळी ‘टु चर्च’ जातात; पण दार दुरुस्त करावयास जाणारा सुतार ‘टु दि चर्च’ जातो. इमारत तीच; जाण्याचा हेतू मात्र उपपदाने सांगितला.

मग आपली मुले येथेच का अडखळतात? मराठीत उपपदाकरिता स्वतंत्र शब्द नाही, हे उघड कारण आहे. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पुढे ठेवून अनेक पिढ्या इंग्रजी शिकल्या, आणि आजही बहुतेक मुले मनात मराठी वाक्य रचून मग त्याचे इंग्रजी करतात. शब्दास शब्द ठेवीत गेले म्हणजे जो शब्द मूळ वाक्यात नाही तो गळतो. संस्कृत, लॅटिन व रशियन या भाषांतही उपपदे नाहीत. म्हणून त्या उण्या ठरत नाहीत.

परंतु शब्द नसला तरी विचार आपल्याजवळ आहे, हे मुलांस कोणी सांगत नाही. आजी गोष्ट सांगते तेव्हा प्रथम ‘एक राजा’ असतो आणि पुढल्या वाक्यात ‘तो राजा’ होतो. ‘शाळा शिक्षक शोधीत आहे’ म्हणजे जागा रिकामी आहे. ‘शाळा शिक्षकाला शोधीत आहे’ म्हणजे ठराविक गृहस्थ कोठे दिसेनासे झाले आहेत! हा भेद साताऱ्याच्या वा सांगलीच्या कोणत्याही मुलास न शिकविता कळतो. इंग्रजी तोच भेद उपपदाने दाखविते.

म्हणून नियमांची लांबलचक यादी घोकून घेण्यापूर्वी मुलाने स्वतःस मराठीतच एक प्रश्न विचारावा : ‘मी बोलतो आहे ती वस्तू नेमकी कोणती, हे ऐकणाऱ्यास ठाऊक आहे काय?’ ठाऊक असेल तर ‘दि’. अनेकांपैकी कोणतीही एक असेल तर ‘अ’ किंवा ‘ॲन’. या दोहोंतील निवड तर आपणांस अधिकच सोपी आहे. शुद्ध उच्चार ऐकून तो शब्द बाळबोध लिपीत लिहून पाहावा. ‘अवर’, ‘एम्. ए.’ यांच्या आरंभी स्वर आहे, म्हणून ‘ॲन’. ‘युनिव्हर्सिटी’, ‘युरोपियन’ यांच्या आरंभी ‘य’ हे व्यंजन आहे, म्हणून ‘अ’. इंग्रजी स्पेलिंग जेथे फसविते तेथे आपली लिपी वाट दाखविते.

काही गोष्टी रूढीच्याही आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. कृष्णा महाबळेश्वरी उगम पावून वाई, माहुली, कऱ्हाड करीत सांगलीस येते. इंग्रजीत तिच्या नावापूर्वी ‘दि’ लागतो. या गावांच्या नावांपूर्वी मात्र काहीच लागत नाही. नदीच्या नावात ‘नदी’ हा शब्द अध्याहृत असतो, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे काम भागते. बाकीची रूढी चांगल्या पुस्तकांच्या वाचनाने कानात बसते.

चुकीची लाज वाटून तोंड मिटून बसणे हे मात्र सर्वांत वाईट. विल्यम कॅरे यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण छापून प्रसिद्ध केले. त्यांच्यामागून आलेल्या किती तरी परकीयांस आपली तीन लिंगे जड गेली असतील! दगड ‘तो’, वीट ‘ती’ आणि घर ‘ते’ का, याचे उत्तर आपण तरी काय देणार? मोल्सवर्थ यांच्या १८३१ च्या कोशात नामांपुढे लिंग दाखविलेले आहे, ते परक्या विद्यार्थ्यास अंदाजाने कळणे शक्य नव्हते म्हणूनच. ती मंडळी चुकत चुकतच मराठी बोलू लागली. आपल्या मुलांसही तेवढीच मोकळीक हवी.

पालकांस आमची विनंती एवढीच की, वहीतील तांबड्या खुणा मोजून मुलास रागावू नये; त्याला शेजारी बसवून ‘कोणते पुस्तक? कोणता मनुष्य?’ असे विचारावे. त्यासाठी स्वतःस इंग्रजी येण्याची गरज नाही. आणि विद्यार्थिमित्रहो, उपपद लिहिताना आपण वाचणाऱ्याच्या मनाचा विचार करीत असतो. त्याला काय ठाऊक आहे व काय नाही, हे ओळखून बोलणे ही सवय इंग्रजीपुरतीच उपयोगी नाही. ती मराठीतही, आणि माणसामाणसांच्या व्यवहारातही, तितकीच कामास येईल.