प्रमाणपत्राआधीचा अर्धा तास

अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र मुलाला आठ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने ही अक्षमता मान्य केली आणि २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनी वयाची अट घातली. अट गैर नाही. सहा वर्षांचे मूल अडखळते ते पुष्कळदा नुसते लहान असते म्हणून. पण आपल्याकडे तिचा अर्थ असा लावला जातो, की तिसरीपर्यंत थांबायचे, मग तपासणी, मग प्रमाणपत्र, मग दहावीला जादा वेळ आणि लेखनिक. परीक्षेच्या सवलती महाराष्ट्रात १९९६पासून आहेत आणि त्या हव्यातच. मात्र सवलतीने गुण वाढतात, वाचन येत नाही. ते शिकवावेच लागते.

शिकवल्याने डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनातली अध्ययन अक्षमता, असलेल्या मुलाच्या मेंदूत फरक पडतो, हा आता केवळ आशावाद राहिलेला नाही. ह्यूस्टनच्या सिमॉस आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये आठ मुलांना सुमारे ८० तास ध्वनी आणि अक्षर यांची जोडणी नेटाने शिकवली. आधी वाचताना त्यांच्या डाव्या कानशिलामागचा भाग जवळपास गप्प असे. नंतर तो कामाला लागलेला दिसला. मुले आठच होती, हे विसरू नये. २००९ मध्ये केलर आणि जस्ट यांनी कच्चे वाचणाऱ्या आठ ते दहा वर्षांच्या मुलांना १०० तास शिकवले आणि मेंदूच्या भागांना जोडणाऱ्या श्वेत तंतूंची तपासणी केली. जिथे हे तंतू कमकुवत होते तिथे ते सुधारले. ज्यांना तसे शिकवले नाही, त्या मुलांत हा बदल नव्हता.

आपल्या लिपीचाही दाखला आहे. लखनौजवळच्या खेड्यांतील निरक्षर प्रौढांनी सहा महिने देवनागरी वाचायला शिकल्यावर त्यांच्या मेंदूतील दृष्टीशी निगडित खोल भागांचे परस्परसंबंध बदलले, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. ही माणसे डिस्लेक्सियाची नव्हती. पण त्यातून एक अवघड प्रश्न उभा राहतो: डिस्लेक्सियाच्या मुलांत जो वेगळेपणा दिसतो, त्यातला किती जन्मजात आणि किती वर्षानुवर्षे न वाचल्यामुळे आलेला? दुसरा वाटा मोठा निघाला, तर तिसरीपर्यंत वाट पाहणे किती महागात पडते याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

आता आपला हिशेब. पहिली ते पाचवीसाठी शिक्षण हक्क कायद्यात वर्षाला २०० दिवस सांगितले आहेत. रोज अर्धा तास धरला तर वर्षाअखेर १०० तास होतात. झरी जामणीच्या दोनशिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळून हा अर्धा तास काढणे सोपे नाही, हे मान्य. शिवाय त्या अभ्यासांतली मुले काही महिन्यांतच एवढे तास शिकली होती. आपली मात्रा पातळ आहे. तरी वर्षभर काहीच न करण्यापेक्षा ती किती तरी बरी.

त्या अर्ध्या तासात करायचे काय? पाठ्यपुस्तकातला धडा पुन्हा मोठ्याने वाचून घेणे नव्हे. आधी पाटी-पेन्सिल बाजूला. ‘कापूस’ म्हणा, टाळ्यांवर तोडा: का-पू-स. ‘का’ काढला तर काय उरले? पूस. पुसद भागातली मुले लगेच हसतात, कारण ती त्यांची नदी. मग अक्षराच्या आत शिरायचे: ‘माती’चा काना मात्रेसह केला की ‘मोती’, काढून टाकला की ‘मती’. मग ‘मिती’. इथे मूल थबकते, कारण वेलांटी लिहायची ‘म’च्या आधी आणि उच्चारायची नंतर. जोडाक्षरांत ‘र’ तर वेषच बदलतो: प्र, र्क, ट्र, ऱ्या. हे सगळे पाठ्यपुस्तकाच्या वेगाने धावत शिकवले, तर आपली अर्धी मुले डिस्लेक्सियाची वाटू लागतील.

वाटतातही, आणि त्यात कोलाम, गोंड, बंजारा मुले अधिक. कोलामी आणि गोंडी द्राविडी कुळातल्या भाषा. मारेगाव-केळापूरच्या पोडावरून, म्हणजे कोलाम वस्तीवरून, आलेल्या मुलाला मराठी शब्दच अनोळखी असेल, तर त्याचे अडखळणे वेगळ्या जातीचे आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची ‘डाली’ ही चाचणी २०१५ मध्ये हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आली. कोलामी किंवा बंजारांची गोरमाटी तिच्यात नव्हत्या. तेव्हा आधी मुलाच्या घरच्या शब्दांवर तोच टाळ्यांचा खेळ करून पाहावा. तिथे ते सहज तोडजोड करत असेल, तर घाई करून शिक्का मारू नये. घरच्या शब्दांतही अडत असेल, तर मात्र लक्ष द्यावे.

एमआरआय काढायला नागपूरला नेऊ का, असे पालक विचारतील. नको म्हणा. वरचे निष्कर्ष गटांच्या सरासरीचे आहेत. एकट्या मुलाचा डिस्लेक्सिया त्या चित्रात वाचता येत नाही. आणि हेही सांगा की उत्तम शिकवूनही काही मुलांचा वेग कमीच राहतो. त्यांच्यासाठी सवलत आहे.

विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात. पहिली-दुसरीच्या वेळापत्रकात हा अर्धा तास मुलांच्या नावांसकट लिहून टाका, आणि दिवाळीपर्यंत काय जमले, काय फसले, ते आम्हाला कळवा.