पाण्यावर चालणारी मोटार

पेट्रोलचे भाव चढले कीं पाण्यावर धांवणाऱ्या मोटारीची वार्ता कोठून तरी उठतेच. ती ऐकून मन मोहून जातें, यांत नवल नाहीं. परंतु तिच्यावर विश्वास ठेवण्यापूर्वीं, आणि विशेषतः तिच्यापायीं गांठचा पैसा देण्यापूर्वीं, निसर्गाचा जमाखर्च एकदां मांडून पाहावा, असें आमचें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस आग्रहाचें सांगणें आहे.

हायड्रोजन वायु जळाला म्हणजे त्याचें पाणी होतें, हें कॅव्हेंडिश या इंग्रज शास्त्रज्ञानें अठराव्या शतकाच्या अखेरीस दाखविलें. अर्थात् पाणी हें जळण नव्हे. तें जळून गेलेल्या जळणाची राख आहे. चुलींतली राख पेटवून भाकरी भाजूं पाहणाऱ्यास आपण काय म्हणूं?

कोणी म्हणेल, विजेनें पाण्याचें पृथक्करण होतें ना? होतें खरें. निकल्सन व कार्लाइल यांनीं तें १८०० सालींच करून दाखविलें. पण त्यास १८ ग्रॅम पाण्यामागें एकंदर २८६ किलोज्यूल शक्ति पुरवावी लागते, आणि निघालेला हायड्रोजन पुन्हां जाळला असतां तेवढीच परत मिळते, कणभरही अधिक नाहीं. एंजिनांत तर तिच्यापैकीं निम्म्याहून अधिक उष्णतेच्या रूपानें वायां जाते. शंभर रुपये देऊन चाळीस घेणारा व्यापारी किती दिवस दुकान चालवील?

आगगाडीच्या जुन्या एंजिनांत पाणी घालीत. पण गाडी ओढी ती कोळशाची उष्णता. आज हायड्रोजनवर चालणाऱ्या मोटारी आहेत. पण त्यांच्या टांकींत हायड्रोजन भरावा लागतो, पाणी मागील नळींतून बाहेर पडतें.

हा विचार न केल्याची किंमत लोकांनीं मोजली आहे. अमेरिकेंतील ओहायो प्रांतांत स्टॅन्ली मायर हे आपली गाडी पाण्यावर चालते असें सांगत. दोघांनीं त्यांच्या उद्योगांत पैसे गुंतविले व पुढें फिर्याद केली. न्यायालयांत तज्ज्ञांनीं यंत्र तपासलें, तों तें नेहमींचेंच विद्युत्पृथक्करण निघालें. १९९६ सालीं न्यायालयानें ही फसवणूक ठरवून २५,००० डॉलर परत करण्यास फर्माविलें. त्याच वर्षीं तमिळनाडूंतील रामर पिल्लै यांनीं पाण्यांत वनस्पति उकळून पेट्रोल करण्याचा दावा केला, आणि मोठमोठे लोकही भुलले. २०१६ सालीं चेन्नईच्या न्यायालयानें त्यांस तीन वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली.

असे लोक म्हणतात, शास्त्रज्ञ मत्सरी आहेत, तेलवाले शत्रु आहेत, म्हणून आमचा शोध दडपला जातो. आमचें उत्तर सोपें आहे. गाडी निःपक्षपाती परीक्षकांच्या हवालीं करा. नळाच्या पाण्यावांचून तिला कांहींही न देतां ती आठवडाभर चालूं द्या. खऱ्या शोधाला परीक्षेचें भय नसतें.

विद्यार्थिमित्रहो, शंका विचारणें म्हणजे उद्धटपणा नव्हे, आणि ती नवीन कल्पनेची वैरीणही नव्हे. सृष्टिकर्त्यानें घालून दिलेले नियम कोणाच्या गोड बोलण्यानें बदलत नाहींत. पुढें कोणी तुमच्या दारीं फुकटच्या शक्तीचें यंत्र घेऊन आला, तर नम्रपणें एवढेंच विचारा: “महाराज, यांत शक्ति येते कोठून?”